वाटी भरलेली, पाखरू उपाशी : घरच्या पोपटाला काय, किती आणि कसं खाऊ घालावं

मे महिन्यात औशाला लग्न होतं. दोन दिवस घर बंद राहणार होतं, म्हणून शेजारच्या मावशींकडे किल्ली दिली आणि सांगितलं, "फक्त पाणी बदला, आणि वाटी रिकामी दिसली तर दाणे टाका." परत आलो तेव्हा आमची चिंगी, कॉकटेल जातीचा छोटा परदेशी पोपट, पिंजऱ्याच्या तळाला पिसं फुलवून बसलेली. मावशी घाबऱ्याघुबऱ्या. "वाटी तर भरलेलीच हाय की वो. कालपासून दाणा टाकायची पाळीच आली नाही बघा."

वाटी खरंच काठोकाठ होती. मी वाकून फुंकर मारली आणि सगळं उडालं. राळ्याची सालं, सूर्यफुलाची टरफलं, करडईचा भुगा. खाली स्टीलचा तळ लखलखत होता. दाणा औषधालाही नव्हता.

पोपट दाणा सोलून खातो आणि साल तिथंच, त्याच वाटीत टाकतो. लांबून बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसते. मावशींची काही चूक नव्हती, सांगणाऱ्याची होती. डॉक्टरांनी वजन केलं तेव्हा चिंगी ७६ ग्रॅम भरली. एरवी ती ९०-९२ ची. वाचली. पण तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: वाटीत काय टाकलं याचा हिशोब नंतर, आधी पोटात काय गेलं ते बघायचं. पुढं जे लिहिलंय ते सगळं त्याच सवयीतून आलेलं आहे.

आधी तुमचा पोपट कोणता ते पाहा

गळ्याला गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट किंवा जांभळ्या डोक्याचा पोपट घरात पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही पाखरं संरक्षित आहेत, आणि विकणारा व पाळणारा, दोघांवरही कारवाई होते. आठवडी बाजारात टोपलीत पिल्लं घेऊन बसलेला माणूस "काय होत नाही हो, सगळेच पाळतेत" असं म्हणेल, पण त्याचं ऐकू नका. झाडाखाली पडलेलं पिल्लू सापडलं तर त्याला दूध-पाव भरवत बसू नका. दूध पक्ष्यांना पचत नाही आणि पावाचा लगदा चोचीत, घशात अडकतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

कायद्यानं पाळता येतात ती परदेशी मूळ असलेली पाखरं. बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड ही त्यातली सहज मिळणारी. (आपल्याकडे दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणून देतो ते दहातल्या आठ वेळा बजरीगरच असतं. वजन आणि खाणं दोघांचंही वेगळं, म्हणून घेताना नीट विचारा.) आफ्रिकन ग्रे, कोन्युर, मकाव असं काही घरात असेल तर त्याची केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या पोर्टलवर नोंद करावी लागते.

जात माहीत असायला हवी याचं कारण खाण्यातही आहे. बजरीगर आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचे, जमिनीवर फिरून गवताचं बी टिपणारे. त्यांना थोडा जास्त दाणा चालतो. आफ्रिकन ग्रे जंगलातला, झाडावरची फळं आणि कठीण कवचाची फळं खाणारा. त्याला रोज वाटीभर बाजरी दिली तर ते त्याचं खाणंच नव्हे.

पहिली पायरी: काटा आणा

दाणे आणायच्या आधी ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आणा. पिंजऱ्यातल्या झुल्यापेक्षा, घंटीपेक्षा आणि आरशापेक्षा तो कामाचा आहे. सकाळी पहिली शीट झाल्यावर, काही खायच्या आधी, काट्यावर छोटी दांडी किंवा प्लास्टिकचा डबा ठेवून पाखराला त्यावर बसवायचं. पहिले चार दिवस ते बसणार नाही. राळ्याचे दोन दाणे डब्यात टाकून बघा, पाचव्या दिवशी आपोआप चढेल.

बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतो, लव्हबर्ड ४५ ते ६०, कॉकटेल ८० ते १००, आफ्रिकन ग्रे ४०० च्या पुढं. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या पाखराचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. तो कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तिथंच. ९० ग्रॅमची कॉकटेल ८१ वर आली म्हणजे दहा टक्के वजन गेलं. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जावेत तसं. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, पिसं फुगवून गोलमटोल दिसतो आणि आतून हाडाला लागलेला असतो. काटा मात्र खोटं बोलत नाही.

सूर्यफूल हा फरसाण आहे

मराठवाड्यात एकेकाळी सूर्यफुलाची शेतं डोळ्यांत मावत नसत. त्यामुळे असेल, पोपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सूर्यफुलाचं बी येतं. पोपटालाही ते फार आवडतं. अडचण तीच. त्यात तेल भरपूर, कॅल्शियम अगदी कमी आणि जीवनसत्त्व 'अ' जवळजवळ नाहीच. चार प्रकारचे दाणे मिसळून ठेवले तर पोपट आधी सूर्यफूल वेचतो, मग करडई, आणि बाकीचं उधळून टाकतो. तुम्ही 'मिक्स' घातलं, पण त्यानं खाल्लं फक्त सूर्यफूल.

वर्ष-दोन वर्षं असं चाललं की यकृतावर चरबी चढते. चोच वेडीवाकडी वाढायला लागते. जीवनसत्त्व 'अ' कमी पडलं की शिंका, नाक वाहणं, तोंडात पांढरे चट्टे. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीला अंडं घालता येत नाही, ते आत अडकतं, आणि ही गोष्ट काही तासांत जिवावर बेतू शकते. माझ्या ओळखीतली तीन-चार पाखरं अशी गेली. मालक म्हणतात, "काल तर चांगलं खात होतं." खात होतं, खरं आहे. रोज फरसाण खात होतं.

करडईचं तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या करडईच्या वाणांमुळे आपल्या भागात ती सहज मिळते, स्वस्त मिळते, म्हणून पोत्यानं आणू नका. सूर्यफूल आणि करडई हातातून द्यायच्या, बक्षीस म्हणून, दिवसाला पाच-सहा बिया. वाटीत नाही.

मग वाटीत काय?

माझा कॉकटेलसाठीचा हिशोब सांगतो. निम्मं पेलेट, पाव ते तिसरा हिस्सा भाजी आणि मोड, उरलेला दाणा, आणि फळ म्हणजे अगदी जेवणानंतरच्या गोडाइतकं. बजरीगरला दाण्याचा वाटा वाढवून निम्म्यापर्यंत नेला तरी चालतो. कोन्युर आणि आफ्रिकन ग्रे यांना उलट, पेलेट वाढवायचे आणि दाणा नुसता शिकवण्यापुरता.

पेलेट म्हणजे धान्य, जीवनसत्त्वं, खनिजं एकत्र दळून केलेल्या गोळ्या. प्रत्येक गोळी सारखीच असल्यामुळे निवडानिवड करायला जागा राहत नाही, हा तिचा मोठा गुण. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या दुकानांत मिळतात, नाहीतर ऑनलाइन मागवता येतात. पाकिटावरची तारीख बघा, रंगीबेरंगीपेक्षा साधे घ्या, आणि लहान पाकीट घ्या. मोठं पाकीट उन्हाळ्यात कुबट होतं. पेलेट खाणारं पाखरू पाणी जास्त पितं, शीटही थोडी पातळ दिसते. घाबरायचं कारण नाही. पेलेट चालू असताना पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वांचे थेंब मात्र बंद ठेवा. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तरी अपाय करतात, शिवाय त्या पाण्यात जंतू लवकर वाढतात आणि चव बदलल्यामुळे पाखरू पाणीच कमी पितं.

दाण्यात राळा पहिला. जुन्या माणसांना राळ्याचा भात आठवत असेल. हल्ली राळा बाजारात कमी दिसतो, पण कुठं अख्खं कणीस मिळालं तर सोडू नका. ते पिंजऱ्यात टांगलं की पाखरू अर्धा दिवस त्यातच रमतं. त्याच्या जोडीला बाजरी, वरी, थोडी ज्वारी, नाचणी.

धान्याबाबत एक गोष्ट ठळक सांगायची आहे, कारण आपल्याकडे शेती घराला लागून असते. जूनमध्ये पेरून उरलेलं बियाणं पोपटाला चुकूनही टाकू नका. त्याला गुलाबी, लाल, हिरव्या रंगाचं औषध चोळलेलं असतं. वर्षाच्या ज्वारीत टाकलेल्या पारद टिकड्या किंवा तुरीला लावलेली बोरिक पावडर, तीही पोटात जायला नको. आणि कणगीत धुरीच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्या खोलीत पिंजरा ठेवूच नका. त्या वायूनं माणूस दगावतो, तिथं पाखराची काय कथा? पोपटासाठी दाणा वेगळा आणा, निवडा, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवा.

किती घालायचं? बजरीगरला सगळं कोरडं मिळून दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे. कॉकटेलला पोह्याचा एक मोठा चमचा भरून. सकाळी निम्मं, संध्याकाळी निम्मं. आणि प्रत्येक वेळी नवं टाकण्याआधी वाटी सुपासारखी हलवून फुंकर मारायची. सालं उडाली की खरं उरलेलं दिसतं. काय उरलंय तेही बघा. चार दिवस सलग पेलेटच उरत असतील तर हिस्से कागदावर आहेत, पोटात नाहीत.

भाजी: आपल्या बाजारात काय नाही?

इथं मराठवाड्याचं नशीब चांगलं. पोपटाला हवं असलेलं जीवनसत्त्व 'अ' गर्द हिरव्या आणि केशरी रंगाच्या भाज्यांत असतं, आणि ते दहा-वीस रुपयांत मिळतं. शेवग्याचा पाला सगळ्यात वर. परसात झाड असेल तर दुसरं काही शोधू नका: कॅल्शियमही आहे, पानं बारीक असल्यामुळे पाखराला तोडायला मजाही येते. मग मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजर, उकडलेलं रताळं, डांगर (लाल भोपळा). डांगराच्या बियाही धुवून, वाळवून द्या, आवडतात. भेंडीचे गोल काप चिंगी चाकासारखे फिरवत खाते. परभणी क्रांती या वाणाची भेंडी देशभर गेली, आमच्या पिंजऱ्यातही गेली.

पालक, चुका, राजगिऱ्याचा पाला रोज नको. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी चालेल.

भाजी नळाखाली दोन-तीन पाण्यांनी धुवा, फवारणीचा काही भरवसा नाही. मग ओलसर जुडीच पिंजऱ्याच्या वरच्या गजाला उलटी बांधा. बजरीगर ओल्या पानांत अंग घासून अंघोळ करतात आणि करता करता खातात. ज्या पाखरानं जन्मात भाजीला तोंड लावलं नाही त्याला ही युक्ती लागू पडते, कारण त्याला ते खाणं वाटतच नाही. कापून वाटीत ठेवलेली भाजी मात्र त्याला संशयास्पद वाटते. आमच्याकडे पहिले अकरा दिवस मेथी तशीच वाळली. बाराव्या दिवशी एक पान फाटलेलं दिसलं आणि आईनं शेजारी जाऊन सांगितलं, "खायलीय बघा मेथी!"

मोड ही आपल्या घरात आयती असलेली गोष्ट. मूग आणि मटकी भिजवून, फडक्यात बांधून, मोड बाहेर दिसू लागला की धुवून द्या. घरात उसळीसाठी काढतो त्यातलाच चमचाभर, फोडणीआधी. वास घ्यायला विसरू नका. आंबूस वास आला तर टाकून द्या. पण ज्वारीला मोड आणून देऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावर फुगतं, दगावतं हे शेतकऱ्याला सांगायला नको, तेच इथं लागू. कच्चा राजमा, कच्चं सोयाबीन, वाल हेही नको. लातूरकडे घराघरात सोयाबीनचं पोतं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

हुरडा मात्र द्यावा. डिसेंबर-जानेवारीत शेतावरून कणसं आली की आगटीत जायच्या आधी एक बाजूला काढा. दाणा दुधाळ, हिरवा, सालासकट. ताट आणि पाला तोडून टाका, नुसतं कणीस टांगा. खोबरं-लसणाची चटणी लावलेला आपला हुरडा आपणच खायचा.

मिरचीचं एक आहे. पोपट मिरची खातो हे आजीनंही सांगितलेलं असतं, आणि ते खरं आहे. तिखटाचा जाळ ज्या जागी आपल्याला जाणवतो ती जागा पक्ष्यांत तशी काम करत नाही, म्हणून लवंगी मिरचीही तो काकडीसारखी खातो. त्यात जीवनसत्त्वं आहेत, आठवड्यातून दोनदा एखादी हिरवी मिरची चांगलीच. पण मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि पेरू ही जुनी तीन गोष्टींची थाळी म्हणजे पूर्ण आहार नव्हे.

फळं रोज, पण नखाएवढी. पेरू, पपई, डाळिंबाचे दाणे, हंगामात केशर आंब्याची फोड. जालन्याची मोसंबी एखादी पाकळी. सफरचंद बिया काढून. सीताफळाच्या बाबतीत सावध राहा. बालाघाटाच्या डोंगरात ते एवढं पिकतं की दिवाळीच्या सुमाराला घरात टोपल्या असतात, आणि पोपटाला बी फोडायची खोड. सीताफळाचं बी विषारी असतं. गर काढून, एकही बी नाही ना हे बघून द्या, नाहीतर देऊच नका. मी देत नाही.

दाण्यावरून पेलेटवर कसं न्यायचं

इथंच बहुतेकांचं बिनसतं. कोणीतरी सांगतं, "दाणा बंद करा, भूक लागली की खाईल." कुत्र्याला हे लागू होईल कदाचित. बजरीगरसारखं पाखरू एक-दोन दिवस उपाशी राहिलं तर मरतं. पेलेट हे खाणं आहे हेच त्याला कळत नाही.

पहिला आठवडा नुसती ओळख. दाण्याची वाटी आहे तशी, शेजारी दुसऱ्या वाटीत थोडे पेलेट. हात लावला नाही तरी रोज बदलायचे. दुसऱ्या आठवड्यात पेलेट खलबत्त्यात कुटून पूड करा, दाण्यावर पाण्याचा हलका हात फिरवा आणि ती पूड चोळा. दाणा सोलताना पूड जिभेला लागते, चव कळते. ओलं झाल्यामुळे हे तासाभरात उचलायचं. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी उठल्या उठल्या, भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा, पेलेट आधी आणि दाणा अर्ध्या-पाऊण तासानं. दाण्याचं माप दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं उतरवायचं. कुणी महिन्यात वळतं, कुणी तीन महिने घेतं. चिंगीनं अडीच महिने घेतले.

या सगळ्या काळात वजन रोज. दहा टक्क्यांच्या जवळ घसरण आली की मागं फिरायचं, जुना दाणा पूर्ववत, आणि आठवड्याभरानं पुन्हा सुरुवात. शीटही बघा. संख्या कमी झाली, हिरवट-काळी आणि बारीक झाली, म्हणजे पोटात काही जात नाही.

एक युक्ती डॉक्टरांनी सांगितली नव्हती, आम्हाला योगायोगानं सापडली. पोपट कळपात खाणारा जीव. जेवताना पिंजरा जवळ ओढला, ताटलीत चार पेलेट घेऊन बोटानं टकटक केलं, तोंडापाशी नेऊन खाल्ल्यासारखं केलं, की तो मान वाकडी करून बघतो आणि हळूच उतरतो. पाहुण्यांसमोर करू नका, एवढंच.

पेलेट परवडत नाहीत किंवा मिळत नाहीत अशी घरंही आहेत. त्यांनी मोड, पाला, केशरी भाजी यांचा वाटा निम्म्यावर न्यावा, सूर्यफूल जवळपास बंद करावं, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा द्यावा, आणि पुढचा मुद्दा अजिबात टाळू नये.

समुद्रफेस आणि कोवळं ऊन

दुकानात 'कटल बोन' म्हणून जे पांढरं, हलकं, होडीसारखं मिळतं ते म्हणजे आपलं समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतं. धुवून, उन्हात वाळवून, मऊ बाजू पाखराकडे करून गजाला तारेनं बांधायचं. त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चोचही घासली जाते. मादी असेल तर ते कायम असू द्या, नर नसला तरी मादी अंडी घालते. वाळू-खडे घालायची गरज नाही. कोंबडी दाणा अख्खा गिळते, तिला खडे लागतात. पोपट सोलून खातो.

कॅल्शियम अंगी लागायला जीवनसत्त्व 'ड' लागतं आणि ते उन्हातून मिळतं. बंद काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळी सातच्या आत-बाहेर वीस मिनिटं गॅलरीत, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत, आणि माणूस शेजारी. मांजर आणि ससाणा या दोघांनाही तुमची वेळ माहीत असते.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. या दिवसांत भाजी, मोड, फळ पहाटे साडेसहाला द्यायचं आणि साडेसातला उचलायचं. तासाभरानंतर मोडाला तार सुटते. हिवाळ्यात दोन तास चालेल. पाणी दिवसातून तीनदा बदला, आणि वाटी बसायच्या दांडीखाली ठेवू नका, शीट थेट त्यात पडते. टँकरचं, बोअरचं, जारचं, जे आपण गाळून पितो तेच. वाटी स्टीलची किंवा चिनीमातीची. गॅल्व्हनाइज पत्र्याची नको, पोपट तो कुरतडतो आणि जस्त पोटात जातं. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसलं असेल तर खाण्याचा विचार सोडा आणि आधी सावलीत न्या.

जे द्यायचंच नाही

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा, लसूण. चहात बुडवलेलं बिस्किट हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं. नातवंडं प्रेमानं देतात, पोपटही प्रेमानं खातो. नव्वद ग्रॅमच्या जिवाला अर्धं बिस्किट म्हणजे आपल्याला किलोच्या हिशोबात झालं. चिवडा, शेव, लोणच्याची फोड: मीठ. बिनमिठाची भाकरी कुरतडली तर काही बिघडत नाही, पण त्यानं पोट भरलं तर बाकीचं खाणार नाही. कच्चे शेंगदाणे दमट पोत्यातले असतील तर त्यावरच्या बुरशीचं विष यकृताला धरतं. द्यायचेच तर ताजे, भाजलेले, बिनमिठाचे, एक-दोन.

आणि खाण्यात मोडत नाही पण स्वयंपाकघरात मोडतं असं एक: नॉनस्टिक तवा. तो रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणाऱ्या धुराचा आपल्याला वासही जाणवत नाही, पण पाखरू काही मिनिटांत मरू शकतं. पिंजरा स्वयंपाकघरात नको.

लालभडक शीट

एका रविवारी सकाळी चिंगीच्या पिंजऱ्यातला कागद रक्तानं माखल्यासारखा दिसला. मी गाडीची किल्ली शोधतोय, आई शांतपणे म्हणाली, "काल कोशिंबीर कशाची होती?" बीटची. शीटेचे तीन भाग असतात: घट्ट हिरवा-तपकिरी, पांढरा, आणि पाण्यासारखा. बीट, डाळिंब, पपई खाल्ल्यावर रंग बदलतो आणि दिवसभरात मूळपदावर येतो. दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, किंवा पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, तर मात्र वाट बघायची नाही.

पक्ष्यांचं जाणणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्याला सापडत नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी आजच करून नंबर लिहून ठेवा, पाखरू आजारी पडल्यावर नाही. जाताना कॅलेंडरवरचे वजनाचे आकडे, दाण्याचं पाकीट आणि पिंजऱ्याखालचा त्या दिवशीचा कागद न बदलता सोबत न्या. आणि वाटीही न्या, सालासकट, जशी असेल तशी.